वाकळीची चिठ्ठी

मनूनं दहाव्या अध्यायात चांडाळाला मढ्यावरचं कापड नेमून दिलं, सेवा करणाऱ्या शूद्राला जुनेर. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ते पुस्तक जाळलं. आता काचेच्या दुकानांत त्याच जुनेराची वाकळ हजारोंना विकतात, वर पर्यावरणाची चिठ्ठी!

विरलेलं लुगडं आत, जरा धड असलेलं वर, कडेपासून आत आत धावदोरा. ही विद्या आमच्या माया हौसेनं नाही, थंडीपायी शिकल्या. कापड वाचवा, जरूर वाचवा. पण मित्रांनो, भांड्यांवर जुने कपडे घेत दारोदार फिरणाऱ्या वाघरी बाया ह्या हिशेबात कुठायत? गोदीत गाठी उचलतो मी. मालावर हमालाचं नाव कधी दिसलं नाही. च्यायला, चिठ्ठी लावताच आहात, तर शिवणाऱ्या बाईच्या हातावर किती टेकवले तेही छापा.