पिवळे पान काय सांगते?



गेल्या श्रावणात चार दिवसांची झड लागून नुकतेच उघडले होते. देडतलाईच्या शिवारातील एक वयस्क शेतकरी सोयाबीनची चार रोपे मुळांसकट उपटून आमच्या दारी आले व म्हणाले, "फादर, सगळे पीक पिवळे पडले. युरिया टाकून आठ दिवस झाले, पण रंग काही पालटत नाही. आणखी एक गोणी आणू काय?" गोणीचे पैसे उसने काढावयाचे होते, म्हणून पाऊल अडखळले होते.

आम्ही रोपे उजेडात धरून पाहिली. खालची जुनी पाने हिरवीगार होती. पिवळेपणा होता तो शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, आणि त्यांतही शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. आम्ही म्हणालो, "दादा, गोणी आणू नका. आधी शेतातले पाणी काढा." त्यांना नवल वाटले. तुम्हांसही वाटेल, म्हणून आज या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

वनस्पतीच्या वाढीस १७ मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू ही तीन हवापाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद व पालाश ही मुख्य अन्ने होत. त्यांखालोखाल कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक लागतात. उरलेली आठ म्हणजे लोह, मँगनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल. ही अगदी चिमूटभर लागतात. परंतु चिमूटभर मीठ नसले तर सारा स्वयंपाक अळणी होतो, तसेच येथेही आहे. जर्मनीत श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये व पुढे लीबिग यांनी हेच तत्त्व मांडले, की जे अन्न सर्वांत कमी पडते तेच पिकाची मर्यादा ठरविते. जस्त कमी असता नत्राच्या गोण्या ओतल्या, तरी जस्ताची उणीव काही भरून निघत नाही.

मग उणीव कशाची, हे ओळखावे कसे? प्रथम एकच गोष्ट पाहावी. खूण जुन्या पानावर आहे, की नव्या?

गरिबाच्या घरी धान्य संपत आले, की वडील माणसे उपाशी राहतात व लेकरांच्या ताटात भाकरी वाढतात. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम यांच्या बाबतीत झाड असेच वागते. ही द्रव्ये झाडाच्या अंगात हलू शकतात. टंचाई आली की जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्यास दिली जातात, म्हणून खालची पाने आधी सुकतात. लोह, गंधक, बोरॉन व कॅल्शियम यांना मात्र एकदा बसलेली जागा सहसा सोडता येत नाही. त्यांची उणीव प्रथम शेंड्यावर दिसते.

मक्याच्या शेतात हे उत्तम पाहावयास मिळते. खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळेपणा आत शिरत असेल, तर नत्र कमी. मधली शीर हिरवी, पण पानाच्या कडा करपल्यासारख्या असतील, तर पालाश कमी. कोवळ्या रोपाची जुनी पाने जांभळी पडली, तर स्फुरदाची शंका घ्यावी. नव्या पानांच्या बुडाकडे पांढुरके रुंद पट्टे उमटले, तर जस्ताची. आणि नवे पान शिरांसकट सारखेच फिकट असेल, तर गंधकाची. आपल्या बुऱ्हाणपूरच्या केळीस पालाश फार लागतो. तो कमी पडला की जुनी पाने कडेपासून नारिंगी-पिवळी होऊन वाळतात व घड लहान राहतो. पुष्कळजण अशा बागेतही युरियाच ओततात.

पानाची खूण ओळखण्यात जाणत्यांचीही फसगत होते. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत भाताची पाने काताच्या रंगाची होऊन पीक बसत असे. लोक त्यास 'खैरा' रोग म्हणत. पंतनगर येथील कृषि विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की ही केवळ जस्ताची उणीव आहे. जस्त सल्फेट व चुना यांच्या फवाऱ्याने ते पीक सावरू लागले.

आता आपल्या दादांच्या सोयाबीनकडे वळू. त्यांच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत लोह पुष्कळ होते. परंतु चुन्यामुळे व साचलेल्या पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नव्हते. कोठार भरलेले, पण किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था! त्यांनी बांधालगत चर काढून पाणी वाहते केले. वाफसा येताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व २५ ग्रॅम विझवलेल्या चुन्याची निवळी या प्रमाणात संध्याकाळी फवारा मारला. पुढे फुटलेली पाने हिरवी आली. मात्र आधीची गोणी वाया गेली ती गेलीच.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे ठिपके असून शेतात पांढरी माशी दिसत असेल, तर तो विषाणूचा मोझॅक रोग होय. त्यास कोणतेही खत उपयोगी पडत नाही. कपाशीचा लाल्याही मॅग्नेशियमच्या उणिवेने येतो, तसाच नत्राच्या टंचाईने, तुडतुड्यांनी किंवा रात्रीच्या थंडीनेही येतो. म्हणून पानावरून शंका घ्यावी व निकाल मातीवर सोपवावा.

मातीचा नमुना घेणे कठीण नाही. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वी, शेतात आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे करावेत व त्यांच्या कडेची माती खुरप्याने खरवडून घ्यावी. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी. माती एकत्र करून सावलीत वाळवावी, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. ही पिशवी कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि खात्याकडे द्यावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ बाबींचा अहवाल मिळतो. त्यांत गंधक, जस्त, लोह व बोरॉनही असतात.

पुढच्या खेपेस पीक पिवळे दिसले, तर दुकानाची वाट धरण्याआधी शेतात खाली बसा. जुने पान पाहा, नवे पान पाहा, मुळाशी पाणी साचले आहे काय तेही पाहा. घरची लेकरे बरोबर असतील तर त्यांनाही दाखवा. उसन्या पैशाची गोणी आणण्यापूर्वी एवढी दहा मिनिटे खर्चिलेली बरी.