डोळ्यांचा शेक

लहानपणी डोळ्यात कुसळ गेले किंवा डोळा दुखू लागला, म्हणजे आई पदराचा बोळा करीत असे, त्यात तोंडाची ऊब भरीत असे आणि तो हलकेच डोळ्यावर टेकवीत असे. वाचकहो, ही आठवण आपणांपैकी बहुतेकांना असेल. त्या उपायात केवळ माया होती असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. त्यात थोडे शास्त्रही होते, हे मला अलीकडे कळले.

तीच आई आता वृद्ध झाली आहे. सायंकाळी प्रार्थनेचे पुस्तक उघडले, की तिच्या डोळ्यांची आग होऊ लागे, अक्षरे पुसट होत आणि डोळ्यांतून धार लागे. डॉक्टरांनी डोळे कोरडे पडल्याचे निदान केले, तेव्हा ती जवळजवळ रागावलीच. “पदर भिजून चिंब होतो आहे, आणि हे म्हणतात कोरडे!”

पण डॉक्टरांचे म्हणणे योग्य होते. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा पसरलेला असतो, त्यात नुसते पाणी नसते. त्याच्यावर तेलाची एक अतिसूक्ष्म साय असते आणि तिच्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही. हे तेल पापण्यांच्या आतील उभ्या ग्रंथींत तयार होते. वरच्या पापणीत त्या सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. जर्मनीतील हाइनरिख माइबोम या वैद्याने १६६६ साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना आजही त्याचेच नाव आहे. हे तेल घट्ट झाले, की ग्रंथींची तोंडे बुजतात, साय विरळ होते आणि डोळा उघडा पडतो. मग तो चुरचुरतो, आणि चुरचुरला म्हणून पाण्याचा लोंढा येतो. बेळगावकडच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे आपण पाहतोच. ती बाटली आपण उन्हात ठेवतो. पापणीला हवा असतो तो शेक याच कारणासाठी.

येथूनच खरी अडचण सुरू होते. पापणीतील घट्ट तेल सैल व्हावयास सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तीही आठ-दहा मिनिटे टिकावी लागते. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोनेक मिनिटांतच कोमट होतो, कारण ओल्या कापडावरून वाफ उडते आणि ती उष्णता घेऊन जाते. शिवाय ग्रंथी असतात पापणीच्या आतील अंगाला, आणि वाटेतील रक्तप्रवाह बाहेरून दिलेली ऊब सारखी वाहून नेत असतो. म्हणून अधिक कडक शेक द्यावा, तर पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक! ६० अंशांचा चटका काही सेकंदांत भाजतो. म्हणजे खालून ४० आणि वरून ४५, अशा अरुंद बोळातून आपणांस चालावयाचे असते.

माझा पहिला प्रयत्न फसला. जवस तव्यावर गरम करून मी ते पिशवीत भरले. वरून हात लावला तेव्हा पिशवी बेताची ऊन वाटली. पण मधले दाणे कडक राहिले होते आणि त्यांची धग हळूहळू वर आली. आईने पिशवी झटकन दूर केली. पापणीवर उमटलेला लाल डाग दोन दिवस राहिला आणि मी दोन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

नंतर मेणाचा विचार केला. वितळलेला पदार्थ पुन्हा थिजताना बराच वेळ एकाच उष्णतामानावर राहतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु मधमाश्यांचे मेण ६२ अंशांच्या पुढे वितळते. ते डोळ्याजवळ आणणे नको. खोबरेल तेलातील लॉरिक आम्ल ४४ अंशांना वितळते, म्हणजे ते जणू या कामासाठीच निर्माण झाले आहे! पण शिवण उसवली तर तो ऊन द्रव डोळ्यात जाईल, म्हणून तोही नाद सोडला. विजेवर तापणारे पट्टे मिळतात. उष्णता आपोआप तोडणारी कळ नसलेला पट्टा मात्र घरात आणू नये.

अखेर ठरले ते असे. मऊ सुती कापडाच्या दोन सारख्या गाद्या शिवल्या. प्रत्येकीत जवसाचे दोन कप्पे आणि मध्ये नाकासाठी रिकामी जागा. जवस गुळगुळीत व चपटे, त्यामुळे डोळ्याच्या खळग्यात नीट बसतात. गादी जड केली तर बुबुळावर दाब येतो, हलकी केली तर लवकर निवते. म्हणून एक जड गादी करण्याऐवजी दोन हलक्या केल्या. दोन्ही गाद्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून डबा ऊन पाण्याच्या पातेल्यात बसवावयाचा. तव्यासारखी मध्येच धग राहण्याची भीती येथे नाही. तापाचा डिजिटल थर्मामीटर गादीच्या घडीत ठेवला, की आकडा कळतो. ४१ ते ४२ आला म्हणजे पुरे. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर येथे वापरू नये. तो फुटला तर अनर्थ होईल. पापण्या मिटून त्यांवर ओलसर मलमल, तिच्यावर गादी, आणि ऊब कोंडून राहावी म्हणून वर फ्लॅनेलचा तुकडा. तीन-तीन मिनिटांनी गादी बदलावयाची. दहा मिनिटांनंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलकेच निपटावयाची. डोळे चोळू मात्र नयेत. शेकलेले बुबुळ दाबाने अधिक सहज विकृत होऊ शकते.

डोळा एकाएकी लाल झाला, दुखू लागला, पू आला किंवा दृष्टी मंदावली, तर हा उपाय न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. अश्रूंचे पाणीच कमी पडत असेल तर एकट्या शेकाने भागत नाही. आणि आपला कोरडेपणा कोणत्या जातीचा आहे, हे तपासल्यावाचून कळत नाही.

आईचा शेक आता रोज दोनदा होतो. तीन आठवड्यांनी तिने सायंकाळी चार पाने सलग वाचली. थर्मामीटरवर मात्र तिचा अजूनही विश्वास नाही. मी आकडा सांगतो, ती ऐकून घेते, आणि गादी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहते.