'नासा'पर्यंत वाट झाली. पण पहिलीतली हुशारी ओळखणार कोण?

देवरूख : जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलं परीक्षा देऊन इस्रो आणि नासा बघून येतात, हे रत्नागिरी जिल्ह्यात 2023 पासून घडतंय. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला 80 जागा असतात, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी. म्हणजे वाडीतल्या पोरालाही संधी आहे.

अडचण वेगळीच आहे. शिष्यवृत्ती चौथी-पाचवीत, नवोदय पाचवीत, एनएमएमएस आठवीत. सरकार मुलाची हुशारी पहिल्यांदा मोजतं, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचं झालेलं असतं. हुशारी मात्र त्याच्या कितीतरी आधी दिसते.

ती कशी दिसते? कुणी न शिकवता मूल पाट्या वाचतं. एसटीच्या तिकिटाचे पैसे मनात जोडतं. जाखडीचा ताल एकदा ऐकून डब्यावर वाजवतं. बिघडलेली बॅटरी उघडून बसतं. 'का?' विचारून घरच्यांना भंडावतं. वर्गात काम लवकर संपतं, मग कंटाळून दंगा करतं आणि 'मस्तीखोर' शिक्का बसतो. उलट पाढे घडाघडा म्हणणारं मूल पाठांतरात पक्कं असतं. पण तेवढ्यावरून ते वेगळं हुशार आहे असं ठरत नाही.

अशा मुलांसाठी पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्यांचा उल्लेख आहे. पण डोंगरातल्या वाडीवर हे काम अंगणवाडी ताई, गुरुजी आणि घरचेच करू शकतात.

कमी पटाच्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. शिक्षकाची त्यात ओढाताण होते, हे खरं. पण पहिलीतल्या मुलाला तिसरीचं गणित जमत असेल, तर तिथे ते शेजारच्याच रांगेत मिळतं. त्याला तिथे बसू द्यावं. चित्र काढणाऱ्या मुलाला देवरूखचं लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय दाखवावं. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर 'गप बस' न म्हणता 'चल, शोधूया' म्हणावं. मोबाईल हातात आहेच.

अंगणवाडी ताईंनी मुलाबद्दल जे टिपलं ते पहिलीच्या बाईंना सांगितलं, तरी दोन-तीन वर्षं वाचतात. त्याला वेगळा निधी लागत नाही. नाहीतर परीक्षेचं वय येईपर्यंत त्या मुलाने प्रश्न विचारणंच सोडलेलं असेल.