पुसलेली फाइल कुठे जाते?

लिनक्स वापरणारे आपले काही विद्यार्थी टर्मिनलवरचा फाइल मॅनेजर कोणता घ्यावा, यावर तावातावाने वाद घालतात. कोणाचे रंग सुरेख, कोण अधिक चपळ, एवढ्यावरच बहुधा निकाल लागतो. माझ्या मते पहिला प्रश्न निराळाच असावा : यात पुसलेली फाइल कुठे जाते?

माउसने पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत पडते, म्हणून परत मिळते. टर्मिनलवर तशी हमी नाही. मिडनाइट कमांडरमध्ये एफ-८ दाबले की तो एकदा विचारतो. होकार मिळताच फाइल कायमची जाते. 'एनएनएन'लाही कचरापेटी हवी असेल तर तसे आधी सांगून ठेवावे लागते. 'याझी'त नुसत्या डी-ने फाइल पेटीत जाते, पण शिफ्टसह डी दाबल्यास मुळासकट. अंतर काय ते एका शिफ्टचे!

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. फायलींची नावे मराठीत वा कानडीत असली, की काही टर्मिनलांत काना-मात्रा विस्कटतात. मॅनेजर बदलून हा दोष सहसा जात नाही, कारण त्याचे मूळ बहुधा टर्मिनलमध्येच असते. जे नाव धड वाचता येत नाही, ते पुसायला निघणे म्हणजे अंधारात विळा चालवणे होय.

तरीही शिकणाऱ्याला मी मिडनाइट कमांडरच सुचवीन. मिगेल द इकाझा यांनी १९९४ मध्ये नॉर्टन कमांडरच्या धर्तीवर तो सुरू केला. पडद्यावर दोन कप्पे शेजारी शेजारी असतात. फाइल कुठून कुठे चालली ते डोळ्यांना दिसते. कळींची कामे तळाशी लिहिलेली असतात. एखादी एफ-कळ टर्मिनलनेच अडवली, तर एस्केप आणि मग तो आकडा दाबावा. एफ-१० साठी शून्य. 'रेंजर' उत्तम आहे, पण त्याच्या कळा 'व्हीआय' संपादकाच्या वळणाच्या. ते वळण हाताला असेल त्यानेच तिकडे जावे.

"कायमचे पुसणारे साधनच तुम्ही सुचवता?" असे कोणी विचारील. होय, कारण ते विचारून पुसते आणि परतीची खोटी आशा लावत नाही. प्रयोगशाळेतल्या सामाईक संगणकावर दुसऱ्याचा प्रबंधही आपल्या कळीखाली असू शकतो. तिथे वेगापेक्षा विचारणारे साधन मोलाचे. मात्र त्याच्या प्रश्नाला न वाचताच 'होय' म्हणणाऱ्याला कोणताही मॅनेजर वाचवू शकणार नाही.