बाटलीला बोलता आले पाहिजे



आमच्या घराण्यातल्या लेकीसुना लग्नकार्यात भेटल्या की हल्ली सुरकुत्यांच्या इंजेक्शनचा विषय निघतो. कुठे किती पैसे पडतात, कोणाला गुण आला, कोणाचे पैसे वाया गेले, वगैरे. माझ्या चेहऱ्यावर सत्तरी उलटल्याच्या सगळ्या खुणा आहेत आणि त्या पुसायची मला काही घाई नाही. पण त्या गप्पांतला एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. एकाच औषधाचा एकीला गुण येतो आणि दुसरीला येत नाही, असे का?

कारणे बरीच असतात. मात्रा कमी पडते, सुई नेमक्या स्नायूत जात नाही. पण एका कारणाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. ते औषध टोचण्याआधी ठेवले कसे होते?

बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूने तयार केलेले विष. अगदी थोडे स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून येणारा निरोप अडतो, स्नायू सैल पडतो आणि वरची आठी मिटते. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो. अमेरिकेत १९८९ साली त्याला पहिली परवानगी मिळाली ती डोळ्यांच्या तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली मिळाली. हे विष म्हणजे एक प्रथिन. अंडे एकदा उकडले की पुन्हा कच्चे होत नाही, तसेच प्रथिनांचे आहे. उष्णतेने त्यांची घडण एकदा बिघडली की नंतर फ्रीजमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

म्हणून बोटॉक्स कोरड्या रूपात बाटलीत येते आणि २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. डॉक्टर त्यात सलाइन मिसळतात. त्यानंतर ते थंड ठेवून २४ तासांत वापरावे, असे माहितीपत्रकात छापलेले असते. काही त्वचारोगतज्ज्ञांच्या अभ्यासांत फ्रीजमध्ये नीट ठेवलेले औषध काही आठवडे गुण देते असेही दिसले आहे. त्या वादात मी पडत नाही. पण मिसळलेले औषध थंडच ठेवायचे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

अडचण अशी की नासलेले दूध वासावरून कळते, हे कळत नाही. चांगले औषध पाण्यासारखे दिसते, बिघडलेलेही पाण्यासारखेच दिसू शकते. मग गुण आला नाही की ठपका कोणावर? पेशंटवर. "तुमच्या कातडीला हे मानवत नाही" असे सांगितले की विषय संपला.

सुरकुती राहिली तर माणूस मरत नाही, हे मला मान्य आहे. पण हाच प्रकार इन्सुलिनच्या बाबतीत घडतो तेव्हा हसण्यावारी नेता येत नाही. इन्सुलिनही प्रथिनच. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. वापरात घेतलेली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. पण 'खोलीचे तापमान' म्हणजे २५-३० अंश! आमच्या चाकूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात लाइट गेली तर फ्रीज असून नसल्यासारखा. कोणी अतिकाळजीने बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवते, तर गोठलेले इन्सुलिनही कामातून जाते. मग साखर वाढते आणि घरचे म्हणतात, "आजीने चोरून गोड खाल्ले असेल." आजी बिचारी शपथा घेते. बाटलीवर संशय कोणी घेत नाही.

आता दुसरी बाजू सांगते. नोकरीत असताना पल्स पोलिओच्या बूथवर आम्हा शिक्षकांची ड्युटी लागायची. त्या लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असे. चौकोन गोलापेक्षा फिका, तर लस चांगली. तो गोलाइतका किंवा जास्त गडद झाला, तर बाटली फेकायची. थर्मामीटर नको, इंग्रजी नको. चौथी शिकलेल्या मदतनीस बाईलाही एका दिवसात समजले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. त्या यशात या चिमुकल्या खुणेचाही वाटा आहे, असे मी मानते.

सर्पदंशावरचे औषधही घ्या. द्रवरूप प्रतिविषाला फ्रीज लागतो, म्हणून ते कोरड्या पावडरीच्या रूपातही बनवतात. खेड्यात लाइट नसते हे कोणीतरी लक्षात घेतले म्हणूनच ना? मग इन्सुलिनच्या बाटलीवर तशी रंग बदलणारी खूण मला अजून का दिसली नाही? ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडा खर्च वाढेल. पण बिघडलेल्या औषधाचा खर्च आजही होतोच, फक्त तो गरिबाच्या पायाच्या जखमेतून वसूल होतो.

तोवर आपण विचारायला शिकू. मुलींनो, सुरकुत्यांचे इंजेक्शन घ्यायचेच असेल तर नोंदणीकृत डॉक्टरकडे जा आणि बाटली कधी उघडली, सलाइन कधी मिसळले, कुठे ठेवली होती, हे विचारा. पार्लरमध्ये मुळीच घेऊ नका. आणि आईवडिलांचे इन्सुलिन आणताना दुकानदाराला विचारा, रात्री फ्रीज चालू असतो ना? बाटली थर्मासमध्ये आणा, पण बर्फाला चिकटू देऊ नका. फ्रीज नसेल तर कोरड्या डब्यात घालून तो डबा माठात, गार जागी ठेवा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

असो. तुमच्याकडे उन्हाळ्यात औषधे कशी सांभाळता, ते जरूर कळवा.