यंत्राचा कुंभक

कळव्यास १९९२ सालीं ठाणें महानगरपालिकेचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेव्हांपासून आपल्या बाजूच्या घरांतून शिकाऊ डॉक्टर ही कांहीं नवलाची वस्तु राहिली नाहीं. आमच्या डोंबिवलीच्या घरांतहि एक आहे. आमचा पुतण्या जिल्ह्यांतील एका रुग्णालयांत पुढील शिक्षण घेतो. परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "काका, शिकवावें कसें तें सांगा."

नव्यानें आलेल्या सहाजणांस व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचें यंत्र, समजावून देण्याचें काम त्याच्याकडे आलें होतें. मुलें हुशार; कोष्टकें घडाघडा म्हणतात. परंतु दाब वाढल्याची घंटा वाजली कीं पडद्याकडे पाहात उभीं राहतात.

वैद्यकाचा आम्हांस गंध नाहीं. तथापि ३६ वर्षें मुलांकडून शब्द चालवून घेतल्यावर एवढें कळलें आहे कीं, रूपें पाठ असणारा मुलगाहि वाक्यांत विभक्ति ओळखतांना अडखळतो. (पाठांतराचे आम्ही वैरी नव्हें.) म्हणून विचारिलें, "घंटा वाजते कशानें?"

"दोन कारणांनीं. एक तर वाट अडते. नळी मुडपते, कफ दाटतो, श्वासनलिका आंवळतात. नाहीं तर फुफ्फुसच ताठर होतें. दाब दोहोंतहि चढतो, उपाय मात्र निराळे."

"मग निवाडा कसा करतां?"

"श्वास आंत गेला कीं क्षणभर हवा तशीच धरून ठेवतों. प्रवाह थांबला म्हणजे वाटेचा अडथळा हिशेबांतून गळतो. उरतो तो फुफ्फुसाचा दाब."

"अरे, हा तर कुंभक!" आम्ही म्हणालों. पूरक, कुंभक, रेचक हीं नांवें संध्या करणाऱ्या मुलालाहि ठाऊक असतात.

लागलीच मुलांच्या खाऊंतील शहाळ्याची नळी व एक फुगा आणविला. नळीचें एक टोंक फुग्यांत बांधून फुंकूं लागलों, तों गाल दुखले. फुंकणें थांबवून हवा तशीच धरली, तेव्हां गालांवरील ताण एकदम उतरला; उरला तो फुग्याचा. पुतण्यानें लगेच आंकडे घातले. घंटेच्या वेळीं दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरांइतका असून कुंभकांत २० वर आला, तर दोष वाटेचा. ३५ वरच राहिला, तर फुफ्फुसाचा, किंवा फुफ्फुसाबाहेर छातींत हवा कोंडल्याचा. कुंभकांतील दाब शक्य तों ३० च्या वर जाऊं देत नाहींत.

दृष्टान्त एकदेशीच असतो, हेंहि त्याला बजावलें. आपण श्वास ओढून घेतों. यंत्र तो आंत लोटतें, आणि अपाय होतो तो या लोटण्यांत. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत आजारी, ताठर फुफ्फुसांना दर किलोमागें १२ ऐवजीं ६ मिलिलिटर हवा दिली, तेव्हां मृत्यु शेंकडा ४० वरून ३१ वर आले. तेथें वजन धरावयाचें तें उंचीवरून. मनुष्य लठ्ठ झाला म्हणून त्याचीं फुफ्फुसें मोठीं होत नाहींत. कोपनहेगनांत १९५२ सालीं पोलिओची सांथ आली, तेव्हां सुमारें १,५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें पिशव्या दाबून रोग्यांना श्वास दिला होता. पिशवी जड लागली कीं त्यांना फुफ्फुसाची खबर हातालाच कळे. आतांच्या मुलांना ती पडद्यावर वाचावी लागते.

या पुतण्याची आई २०२१ च्या एप्रिलांत अशाच यंत्रावर नऊ दिवस होती. हा तेव्हां तिसऱ्या वर्षांत. रोज सायंकाळीं दूरध्वनीवर आंकडे कळत. तो ते वहींत उतरून घेई, पण अर्थ लागत नसे. ती घरीं आली नाहीं. उपचारांत कोणाची कसूर झाली असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. ती वही त्यानें अजून ठेविली आहे, आणि त्या रात्रीं फुगा बाजूला ठेवून तो ती घेऊन बसला.

दुसरे दिवशीं तो नळ्यांचा पुडा व सहा फुगे घेऊन सकाळच्या गाडीनें गेला. परत आल्यावर म्हणाला, चौघांना कळलें, दोघांना पुन्हां सांगावें लागेल. पुढल्या खेपेस रेचक. दम्याच्या रोग्याचा श्वास पुरता बाहेर पडण्याच्या आंत यंत्रानें पुढचा दिला, तर हवा छातींत सांचत जाते. तो पाठ याहून कठीण आहे म्हणे.