मॉरिशसच्या रस्त्यावरील पाट्या

भाषा राजाश्रयानें जगते, हा आपल्याकडील रूढ समज. तो पारखून पाहावयाचा असेल तर मॉरिशस बेटाचें उदाहरण मोठें उद्बोधक आहे. गेल्या वर्षीं आम्हीं उभयतांनीं तेथें भाड्याच्या मोटारीनें चार दिवस प्रवास केला. त्यांतील कांहीं विचार वाचकांपुढें ठेवतों.

बेट लहानसें, लांबी सुमारें ६५ किलोमीटर. वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. परंतु पाट्या वाचूं लागावें, तों पुष्कळ गांवांचीं नांवें फ्रेंच! ‘कात्र बोर्न’ म्हणजे चार सीमाशिला, हा आपला द्विगु. ‘रिव्हिएर न्वार’ म्हणजे काळी नदी, हा कर्मधारय, मात्र विशेषण नामाच्या मागून येतें. असे समास सोडवीत वाट सरत होती. दुतर्फा ऊस, त्यामुळें राहात्याच्या शिवारांत वाढलेल्या आमच्या डोळ्यांस परकेपणा वाटला नाहीं.

फ्रेंचांनीं १७१५ सालीं हें बेट घेतलें. इंग्रजांनीं १८१० सालीं तें जिंकलें आणि १९६८ पर्यंत राखलें. शरणागतीच्या करारांत रहिवाशांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज यांस अभय होतें. पुढें दीडशें वर्षें कचेरींत इंग्रजी राहिली, तरी वर्तमानपत्रांत व मळेवाल्यांच्या घरीं फ्रेंच टिकली. राजाश्रय गेला तरी धनाश्रय होता, असें कोणी म्हणेल. पण क्रेओलचें काय? गुलामांच्या मुखांत फ्रेंच शब्दांपासून घडलेली ही बोली; तिला ना राजाचा आधार होता, ना धनिकाचा. आज बेटावरील बहुतेक घरांत तीच बोलली जाते.

१८३४ पासून सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर करारानें या बेटावर उतरले. मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही त्यांत होते. त्यांनीं गणपति राखला, झाकरीचा नाच राखला. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवितात, मोका येथील महात्मा गांधी संस्थेंतही तिचें अध्यापन चालतें. एवढी निष्ठा पाहून ऊर भरून येतो.

काळ्या नदीकडील एका मराठी घरीं आम्ही पाणी पिण्यास थांबलों. घरांतील वृद्ध आजींनीं गणपतीची आरती स्वच्छ म्हटली; आठ-नऊ वर्षांच्या नातीनेंही साथ दिली. नंतर आमच्या सौभाग्यवतींनीं त्या मुलीस विचारलें, “बाळ, जेवलीस का?” मुलगी गोंधळून आजीकडे पाहूं लागली. आजींनीं तोच प्रश्न क्रेओलमध्यें विचारला, तेव्हां कोठें उत्तर आलें.

आरती पाठांतरानें पिढ्यानुपिढ्या टिकते. ‘जेवलीस का’ हें मात्र रोज विचारावें लागतें. त्या कुटुंबास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. त्यांचे पूर्वज पोटासाठीं समुद्रापार गेले. आपण तर वाड्यांतच आहों. नातवंडें इंग्रजी शाळेंत जातात, त्यास हरकत नाहीं. परंतु रामरक्षा पाठ करून घेतली म्हणजे मराठीचें ऋण फिटलें, ही वडीलधाऱ्यांची समजूत भ्रामक आहे. रुसवा, थट्टा, दुखणें आणि बाजारहाट ज्या भाषेंत बोलले जातात, तीच घराची भाषा. देवघरांतील मराठी स्वयंपाकघरांत आली नाहीं, तर ती देवघरांतही फार काळ समजणार नाहीं.

आज रात्रीं पंक्तींत पोळी वाढतांना आपण मुलांशीं कोणत्या भाषेंत बोललों, तें प्रत्येकानें आठवून पाहावें.